पाण्याखालचा बांध

काहील एका माणसाचं ऐकत नाही. गूळ शिजवायची ती लोखंडी कढई, आठ फूट रुंद, बूड सपाट आणि कड मांडीइतकी उंच. पाण्यात सोडली की तरंगते झकास, पण एकट्याने बांबू रेटला तर जागच्या जागी गिरक्या घेत बसते. समोरच्या कडेला दुसरं माणूस वजन देऊन बसलं तरच ती सरळ वाट धरते. चिमाजी आणि बहिरू या दोघा भावांनी ती ओझरकडच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळावरून टेम्पोत घालून आणली होती. बुडाच्या दोन भोकांना डांबर चोपडलं आणि धरणात सोडली. पाच वर्षं बहिरूने बांबू रेटला आणि चिमाजीने जाळं टाकलं. आता बहिरूच्या जागी गोजरबाई बांबू रेटत होती.

शिमगा होऊन तीन दिवस झाले होते. साल दोन हजार चारचं. आदल्या पावसाळ्याने हात आखडता घेतलेला आणि खालच्या कालव्याला पाणी सोडणं काही थांबत नव्हतं, त्यामुळे धरणाचं पाणी रोज चार बोटं उतरत होतं. काठावर चिखलाचे पट्टे उमटले होते, एकाखाली एक, आणि वरचे पट्टे तडकून त्यांची खापरं झाली होती. काहिलीपर्यंत जायला पूर्वी दहा पावलं लागायची, आता गुडघाभर गाळातून दीडशे पावलं तुडवावी लागत. गोजरबाईच्या टाचांच्या भेगांत तो गाळ असा बसला होता की दगडाने घासूनही निघेना.

"रेट," चिमाजी म्हणाला. "सुस्त झालीस का?"

"रेटतेच हाय की."

तिने बांबू टाकला. खाली मऊ लागलं. म्हणजे अजून रान होतं, चिमाजीचं रान, भाताचं खाचर. पुन्हा टाकला, पुन्हा मऊ. आठव्या खेपेला टक् असं वाजलं आणि बांबूच्या टोकापासून तिच्या खांद्यापर्यंत ते जाणवलं. तिने बांबू पटकन उचलला आणि काहील पुढे काढली. चिमाजी जाळ्याचा गुंता सोडवत होता, त्याला पत्ताही लागला नाही.

तो खाली वाजलेला दगड बांधाचा होता. चिमाजीच्या आणि बहिरूच्या रानामधल्या बांधाचा. आणि चिमाजी म्हणत होता तिथे तो बांध नव्हता. तो चांगला पंचवीस पावलं अलीकडे होता. सहा महिने गोजरबाईला हे ठाऊक होतं, आणि सहा महिने ती गप्प होती.

या वाडीची मासे धरायची रीत जरा वेगळी होती. ही माणसं डोंगरकडची, भात आणि नाचणी करणारी. मासे धरणं त्यांच्या आज्यापणज्यांनी ओढ्यात टोपलं लावण्यापुरतंच केलेलं. जमिनी पाण्याखाली गेल्या, वाडी वर माळावर येऊन बसली, आणि मग भोई लोकांच्या मागे हिंडून हिंडून ती जाळं टाकायला शिकली. पण पाणी झालं म्हणून रान कोणी सोडलं नाही. ज्याने त्याने आपल्या बुडालेल्या रानावरच जाळं टाकायचं. दोन पुरुष खोल पाण्यावर बसून माणसं सांगायची, हा माझा आंबेमोहराचा तुकडा, ही तुझी वरई. सरकारच्या कागदावर तिथे काहीसुद्धा उरलं नव्हतं. वाडीच्या डोक्यात मात्र बांधन् बांध जागेवर होता.

दोघे भाऊ एका चुलीवर जेवत होते तोवर बांधाची गरजच पडली नाही. गेल्या पावसाळ्यात चुली वेगळ्या झाल्या. काहील चिमाजीकडे आली आणि म्हैस बहिरूकडे गेली. बहिरू ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून त्यावर पोटावर पडून मासे धरू लागला. मग दसऱ्याच्या आधी चार दिवस चिमाजीला बहिरूचं जाळं बांधाच्या अलीकडे, म्हणजे आपल्या रानात, लागलेलं दिसलं. त्या दगडी बांधाला शेवाळ होतं आणि शेवाळाला मासा. जाळं लावावं तर बांधाच्या कडेनेच, हे पोरालाही कळत होतं.

"माझ्या रानात जाळं टाकतो व्हय रं?" चिमाजी काहिलीत उभा राहून ओरडला होता.

"दादा, ह्यो बांध हाय. माझ्या अंगाचा हाय. बांबू लावून बघ की."

"मला बांबू दावतो? बा काय सांगून गेला? देवीच्या दारात हुबं राह्यलं आन सुळक्याकडं बघितलं की त्याच सीधंत आपला बांध. म्होरं देऊळ बघ, मागं सुळका बघ. तू कुटं हाय आन मी कुटं हाय?"

बापाने तसंच सांगितलं होतं, यात खोटं काही नव्हतं. फक्त बापाच्या वेळचं देऊळ पाण्याखाली गेलं होतं. वरसूबाईचं नवं देऊळ माळावर बांधलं तेव्हा सगळे म्हणाले, जुन्या जागेच्या सरळ वर नेलं. चिमाजीने स्वतः डोक्यावरून दगड वाहिले होते. सरळ वर म्हणजे सरळ वर. देवी जिथे तिथून सीध. यात चूक असेल हे त्याच्या मनालाही शिवलं नाही.

आणि त्याने विळा काढून बहिरूच्या जाळ्याची वरची दोरी सपासप कापली. शिशाच्या वजनाने जाळं खाली गेलं ते गेलंच. काठावर दहा-बारा माणसं उभी होती. "चोर हायेस तू, चोर!" चिमाजी त्यांच्या देखत म्हणाला. बहिरू ट्यूबवर पालथा पडलेला, छातीपर्यंत भिजलेला, बुडालेल्या दोरीचं टोक हाताने चाचपत होता. त्याच वेळी गोजरबाईच्या हातातला बांबू खाली दगडावर टेकलेला होता. तिने तो उगीच दोनदा उचलून टेकवला. दोन्ही वेळा टक् झालं. नव्याने बांबू हातात धरला होता तरी वीस वर्षं त्याच बांधावर बसून तिने भाकरी खाल्ली होती; तो दगड तिला ओळखू येत होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण भर पाण्यात, दहा-बारा माणसांदेखत, हातात विळा असलेल्या नवऱ्याला तुमचं चुकतंय म्हणून कोण सांगणार? दोन दिवसांनी शांत होईल, मग सांगू, असं तिने ठरवलं. दोन दिवसांनी चिमाजीने फर्मान काढलं, त्या घराशी बोलायचं नाही. आणि ते घर म्हणजे कोणाचं? बहिरूची बायको सारजाबाई ही गोजरबाईची पाठची बहीण. एका मांडवात दोघींची लग्नं लागलेली. आईच्या पदराखाली एकीला जितकी ऊब तितकी दुसरीला, असं म्हणत वाढलेल्या दोघी सहा महिने एकमेकींच्या दारावरून तोंड फिरवून जात होत्या. गोजरबाईला रात्री जेवण जात नव्हतं असं नाही, जेवण जात होतं. पण भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा.

काठावर सावळेराम एम-एटी गाडी लावून उभा होता. मागे बर्फाची पेटी, पेटीला ताणकाटा अडकवलेला. डिंगोऱ्याच्या बाजारात मासे नेऊन विकणारा हा माणूस माशाच्या आधी बातम्या विकायचा.

"काय चिमाजीभाऊ, आज चिलापीच का नुसती?" त्याने पाटीत हात घातला. "कटला रुसला वाटतं."

"पानी हाय का कटल्याला?"

"तेच म्हंतो मी. पाणी लई बेगीनं चाललंय राव. पाडव्यापातुर तुमचा बांध उघडा पडतोय बघा. वाडीत पैजा लागल्यात. कोन चोर ते देवच दाखवनार म्हंत्यात समदे."

"पडू दे की उघडा," चिमाजी म्हणाला. "मला काय भ्या हाय? साऱ्या वाडीला बोलवीन आन दाखवीन."

चार पावलांवर सारजाबाई तिच्या नवऱ्याचे मासे घेऊन उकिडवी बसली होती. आधी चिमाजीची पाटी होईस्तोवर ती कधी पुढे यायची नाही. तिने पदर नीट केला आणि पाण्याकडे बघत राहिली. तिच्या पाटीत चार-पाच चिलाप्या आणि एक वाम. घरातलं जुनं फाटकं जाळं चार ठिकाणी बांधून बहिरू आणखी किती धरणार?

पाडव्याचं नाव निघालं आणि गोजरबाई मनात दिवस मोजू लागली. चिमाजीला ती पंचवीस वर्षं ओळखत होती. आता कळलं तर तो कुरकुरेल, दोन दिवस जेवणार नाही, पण भावाकडे जाईल. साऱ्या वाडीला बोलावून, सगळ्यांच्या देखत बांध दुसरीकडेच निघाला, तर मात्र तो भावाचं तोंड मरेपर्यंत बघणार नाही. लाजलेला चिमाजी हा चिडलेल्या चिमाजीपेक्षा वाईट. आणि मग सारजाही गेली ती कायमची.

त्या संध्याकाळी तिने कालवण जरा झणझणीत केलं. चिमाजीने नाचणीची दुसरी भाकरी मोडली तेव्हा म्हणाली, "आवो, त्या बांधाचं... सीध बरुबर हाय न्हवं?"

"म्हंजी?"

"न्हाई, देऊळ बांधताना पायाच्या चरात खडक लागला व्हता ना. तवा जोतं जरा सरकवलं व्हतं, आसं मला आठवतंय."

"तुला काय आठवतंय? पानी दे."

तिने तांब्या पुढे केला. "म्या लावनी केलीया त्या रानात. बेननी केलीया. मला ठावं हाय ना बांध कुटं व्हता त्यो."

"बाईमानसाची मान खाली आन नजर पिकात. सीध कळाया मान वर करावी लागती," असं म्हणून चिमाजीने तांब्या तोंडाला लावला. ही अक्कल त्याने कुठून आणली देव जाणे. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाण्यात गेली. धुकं नव्हतं, वारा नव्हता, पाणी कमरेइतकंच. आठव्या खेपेला बांबू टक् वाजला आणि गोजरबाईने तो उचलला नाही. ती तशीच थांबली.

"का थांबलीस?"

"हात भरून आलं. जरा तुमी धरा."

"आन जाळं कोन टाकंल?"

"म्या टाकते. धरा की."

चिमाजीने कुरकुरत बांबू घेतला. पाच वर्षांत त्याच्या हातात तो पहिल्यांदाच आला होता. जाळं टाकणाऱ्याला पाण्याचा वरचा भाग तेवढा ठाऊक. तळ ठाऊक असतो तो बांबूवाल्याला. त्याने बांबू रेटायला म्हणून दाबला आणि टक् झालं. त्याने तो वीतभर पुढे टाकला. टक्. आणखी पुढे. टक्. डावीकडे टाकला तर बांबू हातभर गाळात गेला. उजवीकडेही तसंच.

"दगूड हाय कुटला तरी," तो म्हणाला.

गोजरबाई समोरच्या कडेवर वजन देऊन बसून राहिली.

मग चिमाजी त्या दगडाच्या मागे लागला. काहील इंचाइंचाने सरकत होती आणि बांबू टक्, टक्, टक् वाजत होता, अगदी सरळ रेषेत. शंभर-सव्वाशे हात तो तसा गेला. शेवटी बांबू एकाएकी खोल गेला, हातातून निसटून जाईल इतका, आणि टोकाशी गोल कडेवर घासला. ती विहीर होती. दोघा भावांची सामाईक विहीर, बांधाच्या डोक्याला. तिच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी कुंडीपाशी, चिमाजीच्या हळदीचं पाणी तापलं होतं.

त्याने मान वर केली. पुढे देऊळ बघितलं, मागे सुळका बघितला. दोन्ही लांब एका अंगाला होते. तो कडेवर बसला. बांबू आत घेतला नव्हता त्यामुळे काहील हळूहळू फिरू लागली, आणि डोंगर, वाडी, देऊळ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जाऊन परत आलं. गोजरबाईला त्याची फार कीव आली.

"म्या त्येला चोर म्हनलं," तो म्हणाला.

"व्हय."

"समद्यांच्या म्होरं."

"पानी उतरायच्या आत जावा. पाडव्याला अजून दिस हायेत."

त्याने ते ऐकलं न ऐकलं. तिला ज्याची भीती होती ते त्याने विचारलंच नाही, तुला कधीपासून ठाऊक होतं म्हणून. बायकोला आधी काही कळलं असेल हे त्याच्या डोक्यात येणाऱ्यांतलं नव्हतं.

दोन दिवस चिमाजी पाण्यात उतरला नाही. ओसरीवर बसून विळ्याला धार लावत राहिला. विळा अर्धा झिजला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने जुन्नरला गेला आणि नवं नायलॉनचं जाळं घेऊन आला, शिशाचे मणी ओवलेलं. घरात न येता तसाच बहिरूच्या दारात गेला. गोजरबाई आपल्या दारातून बघत होती. मध्ये फक्त एक शेणखताचा उकिरडा.

बहिरू म्हशीला कडबा टाकत होता. चिमाजीने जाळ्याचं गाठोडं त्याच्या पायाशी टाकलं.

"ह्ये घे. सीध चुकली माझी."

बहिरूने गाठोड्याकडे बघितलं. मग कडबा खाली ठेवून हात धोतराला पुसले.

"देऊळ सरकलंय दादा. खडक लागला तवा मीच म्हनलो व्हतो, पंचवीस पावलं सरकतंय. तू ऐकतो व्हय कुनाचं?"

"न्हाई ऐकत."

"बा बी न्हवता ऐकत."

"बा तर बिलकूल न्हवता."

बहिरूच्या तोंडावर हसू फुटलं. "चुना हाय का?" त्याने विचारलं. चिमाजीने चंची काढली. दोघे भाऊ दगडावर टेकले, तंबाखू मळली, आणि जणू काल संध्याकाळीच बोलणं अर्धवट राहिलं होतं अशा थाटात म्हशीच्या दुधाविषयी बोलू लागले. सहा महिन्यांचं वैर चिमूटभर तंबाखूत मिटलं. गोजरबाईला हसूही आलं आणि रागही आला. पुरुषांना किती सोपं असतं सगळं.

ती धुण्याची पाटी घेऊन पाण्यावर गेली, आणि तिला ठाऊक होतं तसंच झालं. मागून पावलं वाजली, गाळात फचक्-फचक् पळत. सारजाबाई आली आणि तिने मागून मिठीच मारली.

"आक्का! आक्का गं!"

दोघी चिखलात बसून रडल्या. एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवले, तर गालांना गाळ लागला, मग हसल्या. सारजाच्या केसांत किती पांढरं आलं होतं, सहा महिन्यांत. गोजरबाईला वाटलं, आता काही नको. हे मिळालं ना, बास.

"दाजींला कळलं तरी कसं?" सारजाने नाक पुसत विचारलं. "कुनी सांगितलं?"

"म्याच बांबू दिला हातात. म्हनलं बघा तुमचं तुमी."

"मंग तुला कवा कळलं गं?"

खोटं बोलायला एक क्षणही लागला नसता. परवा कळलं म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? गोजरबाईच्या तोंडाशी ते आलंही. पण बहिणीचे हात अजून तिच्या हातांत होते.

"त्याच दिशी," ती म्हणाली. "जाळं कापलं त्या दिशी. माझा बांबू दगडावरच व्हता."

सारजाबाईचे हात तिच्या हातांतच होते, पण त्यांतला जीव गेला.

"दसऱ्याच्या आधी?"

"व्हय. म्या म्हनलं दोन दिसांनी सांगंन. मंग तसंच ऱ्हायलं. सारजे, त्येंचा सोभाव तुला ठावं हाय..."

"आमचं मानूस म्हनत व्हतं," सारजाबाई सावकाश बोलली. "म्हनत व्हतं, बांबू वैनीच्या हातात हाय, वैनीला कळलं असंल. मी भांडले त्येंच्यासंगं. म्हनलं, माझ्या आक्काला कळलं असतं तर ती गप बसली नसती. दोन दिस बोलले न्हाई मी नवऱ्याशी, तुझ्यापायी."

गोजरबाई तिच्या हातावरचा गाळ बोटाने पुसू लागली.

"नळावर बाया मला बघून हंडं उचलून घ्यायच्या. चोराची बायकू म्हून. नवरात्रात देवीची ओटी भराया गेले तर माझा नारळ मागं ठिवला. तू व्हतीस तिथं. तू बघितलंस."

"बघितलं."

"हं," सारजाबाई म्हणाली. तिने हात सोडवून घेतले, पाण्यात धुतले, गालावरचा गाळ धुतला. रागाचा एक शब्द बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या, तर गोजरबाईने आनंदाने धरू दिल्या असत्या. ती उठली आणि चिखलातून परत गेली, आली तशी पळत नाही, जपून, एकेक पाऊल उचलत.

पाडव्याच्या आधीच दोन दिवस बांध उघडा पडला. काळे दगड आणि त्यावर वाळलेलं शेवाळ. सावळेराम सोडून तो बघायला कोणी गेलं नाही, कारण भांडणच उरलं नव्हतं. विहिरीच्या भोवती पाण्याचं एक डबकं तेवढं राहिलं आणि धरणाच्या त्या टोकाचा सगळा मासा त्यात येऊन साठला. दोघे भाऊ काहिलीत बसून तिथे गेले, बहिरू बांबूला आणि चिमाजी जाळ्याला. जाळं दोघांना ओढवेना. कटला, रोहू, हातभर लांबीच्या वामी. चिमाजी आरडाओरडा करून हसत होता आणि बहिरू त्याला, "दादा, बस खाली, काहील पालथी घालशील," म्हणत होता. त्यांचं हसणं काठापर्यंत येत होतं.

काठावर पाल्यावर मासे ओतले होते आणि दोघी जावा वाटे करायला बसल्या होत्या. गोजरबाईने दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाली, ऊन लई झालं. एकदा म्हणाली, तुझी साडी भिजतीया. सारजाबाईने दोन्ही वेळा मान हलवली. एक मासा इकडे, एक मासा तिकडे, मोठ्याला मोठा, बारक्याला बारका, असं ती मन लावून करत होती. लहानपणी आंबे वाटतानासुद्धा तिने कधी मोजले नव्हते.

शेवटचा मासा ठेवून तिने हात झटकले आणि उठताना पदर खोचला.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुमचा वाटा बघून घ्या."

जन्मात तिने गोजरबाईला या नावाने हाक मारली नव्हती. गोजरबाई मासे पाटीत भरू लागली. वाटा अगदी चोख होता, एका चिलापीचाही फरक नव्हता.